कानतुटका कप

हातातला मग खाली ठेवू नका, तेच तुमचं तिकीट आहे. काशीदच्या होमस्टेमधला हा हाताने घडवलेला मग तुम्हाला भलताच आवडलाय. निळसर झिलई, जाडजूड कान, बुडाशी घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा. कॉफीचा शेवटचा घोट घ्या आणि या मागे, साधारण 90 वर्षं.

बनाना बोट, घोडेवाले, मॅगीच्या टपऱ्या, सगळं गेलं. समुद्र तोच, पण गाज दुप्पट वाटते, कारण दुसरा आवाजच नाही. वाळू तळवे भाजून काढतेय. वाऱ्यावर सुकत्या बोंबलांचा भपकारा येतोय. नाक दाबू नका, तासाभरात सवय होते. हद्द जंजिरा संस्थानाची, नवाब तिकडे मुरूडला. त्यांचं त्यांच्यापाशी. तुम्हाला तहान लागलीय.

वाडीत शिरा. रहाट कुरकुरतोय. माळेवरची मातीची गाडगी विहिरीत बुडी मारून वर येतात, अर्धं पाणी पाटात ओततात आणि अर्धं तुमच्या अंगावर. वर माडाच्या शेंड्याशी भंडारी, तिथेही मडकंच. आतून चुना फासला असेल तर नीरा गोड राहते, नसेल तर दुपारपर्यंत माडी फसफसायला लागते. तो सरसर उतरतो आणि करवंटीत ओतून देतो. आंबूस, गार, जिभेला चरचरणारी. प्या, पण बेताने.

पाण्याचं सगळं मातीतच चाललंय, म्हणून तुम्ही खूश. मग मातीचा पेला कुठाय? तो नाही. सापडायचाही नाही.

कुंभाराच्या अंगणात लीद आणि राख कालवलेल्या चिखलाचा ओला वास. आतून दगडाचा गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने तो माठाचं पोट फुगवतोय. ठप, ठप, ठप. शेजारी आव्याचा धूर, डोळे चुरचुरतात. तुम्ही मग पुढे करता. तो आधी नखाने टिचकी मारतो. आवाज खणखणीत! असणारच, मगाला 1200 अंशांच्या आसपासची आग लागलीय. इथल्या उघड्या आव्याचा ताव तिथवर जात नाही. म्हणून तर माठ पाझरतो, आणि पाझरतो म्हणून पाणी गार होतं. मग तो तुमच्या मगाच्या कानात बोट घालून बघतो.

‘‘पावणं, याला कान कशाला? ह्यो काय आयकनार हाय?’’

अंगण हसतं. पण त्याचा प्रश्न खरा आहे. मातीत मुरलेलं उष्टं धुऊन जात नाही, अशी इथल्या घराघराची खात्री. पितळ राखेने घासलं की चोख. म्हणून माती साठवायला, पितळ प्यायला; तेही वरून, ओठ न लावता. ज्याला ओठच लागणार नाही, त्याची कड कोण गोल, मऊ करत बसेल?

समोरच्या घरात बोलावणं येतं. शेणाने सारवलेली ओटी, सोडणांच्या धुराने काळवंडलेलं आढं. आधी गूळपाणी. तांब्या उंच धरून घशात ओतायला जाता आणि निम्मं शर्टात. मुलं खिदळतात. मग चहा! मुंबईहून गलबतातून आलेल्या जपानी कपबश्या, त्यांवर गुलाबी फुलं. चहा बशीत ओता, फुंकर घाला, फुर्रकन ओढा. आवाज न करता प्यायलात तर आवडला नाही असं समजतील.

तुम्हाला मात्र ती फुलं नको आहेत. पडवीच्या वळचणीला खोचलेला कानतुटका कप दिसतो; मळकट, ओबडधोबड, अगदी तुमच्या आवडीचा. तुम्ही तो काढता.

ओटी गप्प होते. फुर्रफुर्र थांबते.

कप गड्याचा आहे, आणि गडी या घराच्या लेखी अस्पृश्य. याच किनाऱ्यापासून आग्नेयेला महाडात 1927 साली बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून हजारोंनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने प्यायलं. त्यालाही वर्षं लोटली, पण वळचण आहे तिथेच आहे. गडी खळ्यातून येतो, तुमच्या हातातल्या कपाकडे बघतो आणि काही न बोलता थांबतो. तुम्ही कप खाली ठेवता. तो उचलतो, विसळतो, पुढे करतो. वरून, हातभर अंतरावरून, चहाची धार पडते. एक थेंब बाहेर सांडत नाही. दोघांनाही इतकी सवय आहे.

तो उकिडवा बसून पितो. कपाला कान नाही म्हणून धोतराचा सोगा गुंडाळून धरतो. मग स्वतःच कप धुतो आणि पालथा घालून वळचणीला खोचतो.