पाणी तोडून आणलेला वसंत

पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होतो. प्रवरेकाठी कोल्हारच्या परिसरातील मोसंबीच्या बागांत मात्र तो माघातच अवतरतो. तोही आपसूक येत नाही, बागाईतदाराला तो आणावा लागतो. मित्रहो, आजचा धागा या आणलेल्या वसंताच्या इतिहासाविषयी.

आपल्याकडे मोसंबी, डाळिंब, पेरू यांचे तीन बहार मानतात: मृग, हस्त आणि आंबे. नावे नीट पाहा. मृग आणि हस्त ही पावसाची नक्षत्रे. आंबे बहाराला मात्र नक्षत्र नाही. आंब्याला मोहोर येतो त्याच सुमारास फुलणारा तो आंबे बहार. पहिल्या दोघांच्या पाठीशी पाऊस आहे, तिसऱ्याच्या पाठीशी केवळ विहीर किंवा पाट. शेतकऱ्यांच्या भाषेत इतिहास कसा साठवलेला असतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

या बहाराची रीत वरवर पाहता क्रूर वाटते. मार्गशीर्ष-पौषात, थंडी ऐन भरात असताना, बागेचे पाणी तोडतात. याला ताण देणे म्हणतात. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दोन महिने किंवा त्याहूनही अधिक. पाने पिवळी पडतात, चौथाई ते निम्मी गळून जातात. झाडाची वाढ थांबते आणि फुलण्यासाठी लागणारा अन्नसाठा फांद्यांत जमतो. मग आळी चाळून शेणखत घालतात आणि ताण तोडतात. पहिले पाणी हलके, ते आंबवणी. काही दिवसांनी दुसरे, ते चिंबवणी. त्यानंतर काही आठवड्यांत कोवळी पालवी आणि पांढऱ्या कळ्या एकदमच फुटतात.

या दिवसांतली सुखे अगदी लहान असतात. आंबवणीचे पाणी तडकलेल्या मातीत शिरताना होणारा बारीक चुरचुर आवाज. पहाटेच्या गारव्यात फुलांचा वास जमिनीलगत रेंगाळतो, ऊन चढले की मधमाश्या येतात आणि बाग गुणगुणू लागते. दोन महिने ज्या झाडांकडे अपराधी नजरेने पाहिले, त्यांच्या काटकीवर पहिली कळी दिसली की माणूस घरी निरोप धाडतो. दफ्तरांत यातले काहीच सापडत नाही. तिथे सापडतो तो महसूल. जुन्या कागदांत जमिनीचे जिराईत आणि बागाईत असे भेद असत आणि बागाईताचेही पुन्हा दोन: मोटस्थळ आणि पाटस्थळ. आपली जमीन कोणत्या सदरात पडते, यावर सारा ठरे. माझ्या मते आपल्या वाट्याला हा माघातला वसंत येणार की नाही, हेही बरेचसे त्यावरच ठरे.

मोटेवर बाग राखणे सोपे नव्हते. बैल धावेवरून उतरणार, नाडा ताणला जाणार, कातड्याची मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होणार, आणि बैल पुन्हा मागे सरणार. दिवसभर हेच. एवढ्या कष्टाने भिजणारी जमीन थोडीच, म्हणून बागाही थोड्याच.

हे चित्र पालटले ते भंडारदऱ्यामुळे. 1910 मध्ये सुरू झालेले धरणाचे काम 1926 मध्ये पूर्ण झाले. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. ओझरच्या बंधाऱ्यातून निघालेले डावा आणि उजवा असे दोन कालवे प्रवरेच्या दोन्ही अंगांनी खाली आले. नदीच्या दोन काठांवर वसलेल्या कोल्हार बुद्रुक आणि कोल्हार खुर्दच्या मुलखात आता पाण्याबरोबर नवे शब्दही वाहू लागले: आवर्तन, चारी, पाळी, पाटकरी. मोझांबिकची आठवण नावात बाळगणारी मोसंबी या पाण्यावर रुजली. रात्रीची पाळी आली की कंदील आणि फावडे घेऊन दारे धरायला जायचे, ही बागेच्या हिवाळ्यातली नवी जाग.

येथे कथा सुखान्त व्हायला हवी होती. तशी ती होत नाही.

ताण देण्यासाठी जमीन खरोखर कोरडी व्हावी लागते, आणि कालव्याचा मुलूख सहजासहजी कोरडा होत नाही. कालवा झिरपतो. शेजारी ऊस असेल तर त्याला बारा महिने पाणी. 1950 मध्ये जवळच लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. लहान शेतकऱ्याला त्याने आधार दिला, हे निर्विवाद. पण उसाच्या पाण्याने शेजारच्या मोसंबीचा ताण मोडतो, हेही तितकेच खरे. दक्षिणेतल्या कालव्यांखाली पाणथळ आणि क्षारपड जमिनींचा प्रश्न धरणाइतकाच जुना आहे. अशा जमिनीत मोसंबीची मुळे कुजतात, शेंडे वाळत येतात. ज्या पाण्यामुळे वसंत सर्वांच्या आवाक्यात आला, त्याच पाण्याने काहींच्या बागेतून तो घालवलाही. कालव्याचा इतिहास लिहिणारे भिजलेले क्षेत्र मोजतात. कोरडे राहण्याचा हक्क कोणी मोजत नाही, ही माझी जुनी तक्रार.

आणखी एक गोष्ट. माघात फुललेले फळ काढणीला येते ते पावसाळा संपल्यावर. म्हणजे मधला सगळा वैशाख झाडाला पाण्यावर जगवायचा असतो. ताण तोडणे ही त्यामुळे एक पैज असते: विहीर पुरेल का, उन्हाळी आवर्तन वेळेवर सुटेल का? 1972 च्या दुष्काळाने ही पैज किती महाग पडू शकते, ते दाखवले. फुलांच्या वासात उभा असलेला बागाईतदार मनातल्या मनात मे महिन्याचे पाणी मोजत असतो.

आता दारे धरणारे कमी झाले. ठिबकच्या नळ्या आल्या, कॉक फिरवला की ताण तुटतो. तरीही आमच्याकडची जुनी माणसे पहिल्या पाण्याच्या दिवशी बागेत जाऊन उकिडवी बसतात. करण्यासारखे काहीच नसते. आळ्यातली माती काळी होत जाताना नुसती पाहत राहतात.