लोकांचे सूर आणि मिस्सेचे शब्द

मिस्सेचे शब्द साऱ्या ख्रिस्तसभेचे आणि सूर मात्र त्या त्या लोकांचे, हा विचार आज आपल्याला सहज वाटतो. सत्तर वर्षांपूर्वी तो तितका सहज नव्हता. तो कसा रुजला हे समजून घ्यावयाचे तर दोन दूरच्या गायकवृंदांकडे पाहावे लागेल. त्यांपैकी एक आफ्रिकेतील काँगोचा, तर दुसरा दक्षिण अमेरिकेतील आर्जेंटिनाचा.

फादर गिदो हाझेन हे बेल्जियन फ्रान्सिस्कन धर्मगुरू १९५३ साली तेव्हाच्या बेल्जियन काँगोमधील कटांगा प्रांतात, कामिना येथे आले. तेथील शाळेची सुमारे ४५ मुले व १५ शिक्षक घेऊन त्यांनी एक गायकवृंद उभा केला. बेल्जियमचे राजे बोदुअँ यांचे नाव त्या वृंदाला देण्यात आले. या वृंदाने बसविलेली 'मिस्सा लुबा' कामिनाच्या मिशनमध्ये २३ मार्च १९५८ रोजी प्रथम गाइली गेली. त्याच वर्षी हा वृंद युरोपच्या दौऱ्यावर गेला, ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात गायला, आणि फिलिप्स कंपनीच्या ध्वनिमुद्रिकेमुळे त्याचे गायन दूरवर पोहोचले.

या मिस्सेचे शब्द लॅटिन होते. त्यांत एका अक्षराचाही बदल नव्हता. चाली मात्र लुबा व शेजारच्या लोकांच्या होत्या. त्या प्रथम कागदावर लिहिलेल्या नव्हत्या. ठरलेल्या चौकटीत गायक त्या गातागाता खुलवीत. 'किरिये'साठी 'कसाला' या शोकगीताचा ढंग घेतला होता. 'क्रेदो'मध्ये ख्रिस्ताच्या क्रुसावरील मरणाचे शब्द येतात, तेथे गावात कोणी मृत झाल्याची वार्ता देणारा ढोल वाजे. 'होसान्ना'ला कसाई प्रदेशातील नृत्याची लय होती. म्हणजे चाल निवडताना केवळ गोडवा पाहिला नव्हता. लोक ती कोणत्या प्रसंगी गातात हे पाहिले होते. ज्या सुरात माणसे आपल्या मृतांसाठी रडतात, त्याच सुरात ती देवाची दया मागू लागली. शब्दांचा अर्थ सांगण्यापूर्वीच सुराने तो सांगितला होता.

तथापि या कथेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. गाणाऱ्यांवर राज्य करणाऱ्या राजाचे नाव वृंदाला होते. ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला. ध्वनिमुद्रिकेमुळे नाव झाले ते प्रामुख्याने फादर हाझेन यांचे. ज्यांच्या कंठातून ते सूर आले ती मुले व ते शिक्षक जगाला बहुतांशी एक समूह म्हणूनच ठाऊक राहिले. पुढे १९६८ साली 'इफ' या इंग्रजी चित्रपटात या मिस्सेतील 'सांक्तुस' वापरले गेले. उपासनेसाठी जन्मलेला सूर उपासनेबाहेर गेला की त्याच्यावर कोणाची सत्ता राहते, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

दरम्यान ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पवित्र उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला. ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिला योग्य मान व स्थान द्यावे, असे त्याच्या ११९व्या परिच्छेदात सांगितले आहे. लोकभाषेलाही याच दस्तऐवजाने दार उघडले. या उघड्या दारातून आलेल्या पहिल्या मोठ्या रचनांपैकी एक म्हणजे आर्जेंटिनाचे संगीतकार आरिएल रामिरेस (१९२१–२०१०) यांची 'मिसा क्रिओया'. १९६४ सालची ही रचना स्पॅनिश भाषेत आहे, व तिचे शब्द तीन धर्मगुरूंनी मिळून सिद्ध केले. येथेही प्रत्येक भागाला वेगळ्या प्रदेशाची चाल आहे. 'किरिये'ला उजाड डोंगराळ मुलखातील संथ, एकाकी गाणे. 'ग्लोरिया'ला आंदिज पर्वतातील 'कार्नावालितो' हे नृत्य. 'क्रेदो'ला 'चाकारेरा'चा ठेका. साथीला 'चारांगो' हे छोटे तंतुवाद्य व 'बोंबो' हा ढोल.

या रचनेचे बीज मात्र जर्मनीत पडले. युरोपात असताना रामिरेस यांचा वुर्त्सबुर्ग येथे दोन धर्मभगिनींशी परिचय झाला. नात्झी काळात छावणीतील कैद्यांना त्या जिवावर उदार होऊन चोरून अन्न पोहोचवीत असत. त्यांच्या सन्मानार्थ काहीतरी लिहावे, ही इच्छा रामिरेस यांनी वर्षानुवर्षे मनात बाळगली होती. १२ डिसेंबर २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अर्पिलेल्या मिस्सेत, रोममधील संत पेत्राच्या महामंदिरात, ही रचना गाइली गेली. आंदिजच्या मेंढपाळांचा सूर तेथवर पोहोचावयास पन्नास वर्षे लागली.

आपल्याला हे सारे परके वाटावयास नको. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले ते ओवीत. ती लोकांच्या ओठांवर होती म्हणूनच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) भजन व कीर्तन ख्रिस्ताच्या चरणी वाहिले. वारसा आपल्याकडे आहे. विवेक मात्र प्रत्येक पिढीला नव्याने मिळवावा लागतो. माझीच एक चूक सांगतो. माझ्या एका धर्मग्रामात पुनरुत्थानाच्या रात्री 'ग्लोरिया'साठी मी एक गोड गावरान चाल बसविली. सारे गायले, एक वृद्ध आजी तेवढ्या गप्प राहिल्या. नंतर त्या म्हणाल्या, "फादर, हे लेकीला सासरी धाडतानाचं गाणं. माझी लेक गेली, ती परत आली नाही. मी हे कसं गाऊ?" मी चाल उचलली होती, परंतु ती कोणाची व कशासाठी, हे विचारले नव्हते.

म्हणून धर्मशिक्षक बांधवांना एवढेच सुचवावेसे वाटते. लोकांची चाल घेण्यापूर्वी ती गाणाऱ्यांच्या उंबरठ्यावर जाऊन बसावे. ती केव्हा गातात, का गातात, कोणाकडून शिकले, हे विचारावे, आणि त्या शिकविणाऱ्याचे नाव उपासनेच्या वहीत लिहून ठेवावे. कामिनाच्या मुलांची नावे जगाने जपली नाहीत. आपल्या गावच्या आजीचे नाव तरी आपण जपू शकतो.