कोणी न मारलेली बोंब

काठावर पालथे पडा आणि मान तेवढी पाण्यावर काढा. उभं राहायचं नाही. तुमची सावली पाण्यात पडली तर सगळंच मुसळ केरात. हे ऑस्ट्रियातलं वोल्फगांग सरोवर, सेंट गिलगेनजवळचं ब्रुनविंकल. १९३० च्या दशकातला एक उन्हाळा. खाली बोटभर लांबीचे मासे घोटाळताहेत. हे मिनो. आपल्या रोहू-कटल्याच्याच गोतातले, पण थंड पाण्यातले आणि चिमुकले. इथे खायला मिळतं हे त्यांना ठाऊक झालंय, त्यामुळे थवा आपणहून काठाशी येतो.

शेजारी बसलेले पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ म्हणजे म्युनिकचे प्राध्यापक कार्ल फॉन फ्रिश. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावल्याबद्दल १९७३ साली यांना नोबेल मिळणार आहे. त्यांना सांगू नका. मासे बहिरे असतात हे पंडिती मत यांनी एका आंधळ्या कॅटफिशला शिट्टीवर बोलावून १९२३ सालीच मोडीत काढलंय, म्हणजे माशांचा नाद जुनाच.

आज त्यांना थव्यातला एक मासा ओळखता यायला हवाय. युक्ती साधी आहे: शेपटीजवळची एक बारीक नस छेदली की तिथून मागचा भाग काळा पडतो. खुणेचा तो मासा ते पाण्यात सोडतात.

तो सरळ आपल्या गोतात जातो. थवा त्याला सामावून घेतो. काहीच होत नाही, आणि तुम्ही मनात आकडे मोजू लागता. मग कडेचे दोन-चार मासे थबकतात. बाकीचे त्यांच्या अंगाला भिडतात. मोकळा पसरलेला थवा मुठीसारखा आवळत जातो आणि एका झटक्यात खोल पाण्याकडे निघून जातो. समोरचं खाणं तसंच पडून राहतं.

त्या बिचाऱ्यानं आपली कर्मकहाणी सांगितली असणार, असं तुमच्या मनात आलंच ना? फ्रिश मात्र एका मिनोची कातडी बारीक चिरून पाण्यात कालवतात आणि नुसतं ते पाणी सोडतात. जखमी मासा नाही, कहाणी नाही. थवा तरीही पळतो. आतड्याचा किंवा मांसाचा अर्क घातला तर तेवढा परिणाम होत नाही. ज्यांचे घ्राणतंतू कापलेत त्या माशांना तर कशाचाच पत्ता लागत नाही. सगळा खेळ वासाचा. १९३८ साली हे पहिल्यांदा छापून आलं. पुढे त्या द्रव्याला त्यांनी श्रेकस्टॉफ, म्हणजे भयद्रव्य, असं नाव दिलं.

कातडीच्या वरच्या थरात गदेच्या आकाराच्या काही पेशी असतात. त्यांना बाहेर उघडणारं तोंडच नसतं. पेशी फाटली तरच आतला माल पाण्यात येतो. म्हणजे माशानं मनात आणलं तरी त्याला बोंब मारता येत नाही, आणि जखम झाली की ती थांबवताही येत नाही. जखमी मासा काही सांगत नसतो. शेजारी ते हुंगून घेतात, एवढंच.

मग या पेशी बाळगायच्या कोणासाठी? परोपकारासाठी, हे मला पटत नाही. एक तर्क असा की वासानं दुसरे शिकारी ओढले जातात आणि त्यांच्या झोंबाझोंबीत पहिल्याच्या जबड्यातला मासा निसटतो. दुसरा तर्क असा की या पेशी मुळात कातडीच्या राखणीसाठी, परजीवी आणि अतिनील किरण यांच्याविरुद्ध आहेत. शेजाऱ्यांचा फायदा हा वरकड. मला दुसरा जास्त भावतो. अमेरिकेतल्या फॅटहेड मिनोची गोष्ट तर भलतीच मजेची. विणीच्या हंगामात नर अंग घासून घासून अंड्यांची जागा साफ करतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्यांच्या कातडीतून या पेशी नाहीशा होतात. रोज खरचटणाऱ्याच्या अंगातून रोज भयाचा वास सुटला, तर त्याच्या घरट्याकडे मादी फिरकेल का?

पण वास पाण्याच्या चालीनं पसरतो. पाइक माशासारखा दबा धरून बसणारा शिकारी एवढी सवड देत नाही. तिथे खबर वासाहून झटपट, नजरेनंच पोचायला हवी, म्हणून आता १८०५ ला चला.

१९ ऑक्टोबरची सकाळ, स्पेनमधलं कादिसचं बंदर. तुम्ही सिरियस या ब्रिटिश युद्धनौकेवर आहात आणि शत्रूची जहाजं बाहेर पडू लागलीत. डोलकाठीवर निशाणं चढतात. ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन क्षितिजापलीकडे आहे, त्याला ना बंदर दिसतं ना सिरियस. पण मधे नजरेच्या टप्प्याटप्प्यावर एकेक जहाज उभं आहे. एकानं वाचायचं, तेच पुढच्यासाठी चढवायचं. शत्रू दिसण्याच्या कितीतरी आधी खबर पोचते. दोन दिवसांनी ट्रफाल्गारची लढाई.

ट्रेहर्न आणि फॉस्टर या संशोधकांनी गॅलापागोस बेटांवर समुद्राच्या पृष्ठभागावर चालणाऱ्या हॅलोबेट्स किड्यांच्या झुंडीकडे एक नकली शिकारी सरकवला. जवळचे किडे धडपडून शेजाऱ्यांवर आदळले, ते त्यांच्या शेजाऱ्यांवर. ही खळबळ शिकाऱ्याहून वेगानं पुढे गेली आणि लांबचे किडे त्याला न बघताच पळाले. १९८१ च्या निबंधात दोघांनी याला ट्रफाल्गार परिणाम म्हटलं. नाव फक्कड आहे, पण मला जरा खटकतं. नेल्सनच्या साखळीतल्या प्रत्येकाला आपण खबर देतोय हे ठाऊक होतं. किडा नुसता पळाला.

शेवटचा मुक्काम अमेरिकेतलं प्रिन्स्टन विद्यापीठ, २०१० चं दशक. उथळ टाकीत गोल्डन शायनर मासे, हेही मिनोचेच भाऊबंद, वर कॅमेरा. संशोधक इयान कझिन आणि सहकाऱ्यांची ही टाकी. माशाच्या मेंदूच्या मागच्या भागात माउथनर नावाच्या दोन जाड चेतापेशी असतात. त्यातली एक पेटली की अंग धनुष्यासारखं वाकतं आणि मासा बाजूला फेकला जातो. कधी कधी हे विनाकारणही होतं. बहुतेक वेळा एखाद-दुसरा शेजारी दचकतो आणि विषय संपतो. क्वचित लाट सगळ्या थव्यातून जाते. कोण दचकणार, हे दोन गोष्टींवरून बरंचसं सांगता येतं: मधलं अंतर, आणि दचकलेल्या माशानं शेजाऱ्याच्या दृष्टीतला केवढा भाग व्यापलाय.

मग या टाकीत श्रेकस्टॉफ ओततात. मासे जवळ येतात आणि लाटा लांबवर जाऊ लागतात. प्रत्येक मासा जास्त भित्रा झाला असणार, असं कोणीही म्हणेल. २०१९ साली मांडलेला हिशेब वेगळंच दाखवतो. शेजाऱ्याला पाहून दचकण्याची एकेकाची तयारी होती तेवढीच राहिली. बदलली ती थव्याची ठेवण. वासानं मासे एकमेकांजवळ आले, आणि पांगलेल्या थव्यात दोघा-तिघांत विरली असती ती दचक आता भिंतीपर्यंत पोचू लागली. फ्रिशना दिसलेलं ते आवळणं पळापळीची नुसती सुरुवात नव्हती. पुढची खबर त्याच दाटीतून जाणार होती. याची किंमतही आहेच, कारण खोट्या दचकीला खाणं सोडून पळावं लागतं.

टाकीला हात लावू नका. डाव्या कोपऱ्यातला एक मासा आत्ताच वळलाय आणि लाट समोरच्या भिंतीकडे निघालीय. त्याला पाहून कोण वळलं, त्या दुसऱ्याला पाहून कोण, हे संगणक चित्रफितीवरून काढून देईल. पहिला कशानं दचकला, ते मात्र चित्रफितीत नाही.