जुना घाट आणि रोजचा भरवसा : 'बुलेट' मोटारसायकलीच्या इतिहासावरून काही विचार

1. प्रश्नाचे स्वरूप

जुन्या घाटाच्या मोटारसायकली गेल्या काही वर्षांत पुन्हा मोठ्या संख्येने रस्त्यावर दिसू लागल्या आहेत. वाटोळा दिवा, थेंबाच्या आकाराची पेट्रोलची टाकी, तारांची चाके आणि एकाच सिलिंडरचा संथ ठोका ही त्यांची लक्षणे होत. अशी गाडी रोज कचेरीस जाण्यायेण्यास भरवशाची असते काय, असे विचारले असता दोन परस्परविरोधी उत्तरे मिळतात. एका पक्षाच्या मते या घाटाची गाडी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दुसऱ्या पक्षाच्या मते ती रविवारी फिरावयास ठीक, परंतु सोमवारी सकाळी तिच्यावर विसंबू नये. वस्तुतः हे दोन्ही पक्ष 'भरवसा' हा एकच शब्द दोन निराळ्या अर्थांनी योजीत असतात. हे दोन अर्थ कोणत्या क्रमाने रूढ झाले, ते 'बुलेट'च्या इतिहासाच्या आधारे येथे पाहावयाचे आहे.

2. मूळ यंत्र

'बुलेट' हे नाव इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनीने 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच प्रचारात आणले. परंतु भारतात जी बुलेट रुजली तिचा आराखडा दुसऱ्या महायुद्धानंतरचा, म्हणजे 1949 च्या सुमाराचा आहे. 346 घनसेंटिमीटरचे, ओतीव लोखंडी सिलिंडरचे हे इंजिन भारतीय सैन्याने सीमेवरील गस्तीसाठी पसंत केले. 1955 साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांच्या भागीदारीतून 'एन्फील्ड इंडिया' स्थापन झाली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे कारखाना उभा राहिला. आरंभी सुटे भाग विलायतेहून आणून येथे जोडीत. पुढे ते येथेच तयार होऊ लागले. रेडिचचा कारखाना 1967 साली बंद पडला व 1970 मध्ये इंग्लंडमधील उत्पादन थांबले. मद्रासला मात्र तेच यंत्र जवळजवळ त्याच रूपात निघत राहिले आणि 1977 पासून ते खुद्द इंग्लंडलाच निर्यात होऊ लागले.

या दीर्घायुष्यावरून त्या यंत्रात मुळीच बिघाड होत नसे, असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. कॉन्टॅक्ट ब्रेकरच्या पॉइंटमधील अंतर घासून कमीजास्त होई. टॅपेट वेळोवेळी जुळवावे लागत. इंजिनच्या जोडांतून तेल पाझरे आणि हादऱ्यांनी नटबोल्ट सैल पडत. गाडी सुरू करणे हाही एक स्वतंत्र विधी होता. अँपिअर-मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबावयाची, डीकॉम्प्रेसरची कळ ओढून पिस्टन योग्य जागी आणावयाचा आणि मगच पूर्ण किक मारावयाची. यात चूक झाली तर किक उलटून पायास इजा होई.

तरीही ही गाडी भरवशाची मानली गेली. याचे कारण असे की तिचा प्रत्येक बिघाड परिचित होता. त्याचे पूर्वचिन्ह कानास ऐकू येई आणि त्यावरील उपाय पाना, पक्कड व पॉलिशपेपर यांच्या साहाय्याने रस्त्याच्या कडेस करता येई. तीच यंत्ररचना अनेक दशके टिकल्यामुळे सुटे भाग गावोगाव मिळत आणि एका मिस्त्रीचे ज्ञान त्याच्या शागिर्दास जसेच्या तसे उपयोगी पडे. म्हणजे तो भरवसा एकट्या यंत्रात नव्हता. यंत्र, चालक आणि मिस्त्री या तिघांत तो वाटला गेला होता.

3. भाषेतील पुरावा

याला मराठी बोलीतही आधार सापडतो. 'फटफटी' हा ध्वन्यनुकारी शब्द वाहनाला त्याच्या आवाजावरून नाव देतो. त्या काळी गाडीची ओळख आणि प्रकृतीची परीक्षा दोन्ही कानानेच होत. 'गाडी हाताला बसणे' हा प्रयोग चालक व यंत्र यांची परस्परांस झालेली सवय दाखवितो. 'एकहाती वापरलेली गाडी' असे विकणारा सांगतो, तेव्हा वापरणाऱ्याची शिस्त हा गाडीचाच एक गुण मानलेला असतो. 'कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला', 'प्लगला कार्बन धरला' ही वाक्ये तर चालक स्वतःच निदान करीत असल्याची साक्ष देतात.

4. दुसरा अर्थ

हा अर्थ बदलण्यास 1985 हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी हीरो होंडाची सीडी 100 ही 97 घनसेंटिमीटरची, चार-स्ट्रोकी गाडी बाजारात आली. पेट्रोल भरावे, झाकण लावावे आणि विसरून जावे, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. या 'विसरण्या'त एक नवा विचार होता: गाडीकडे लक्ष द्यावे न लागणे हाच तिचा भरवसा. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या गाड्या पेट्रोलमध्ये मोजून तेल मिसळण्याची अपेक्षा करीत. तो कारखाना 1996 साली बंद पडला. तोवर एन्फील्डही अडचणीत आली होती आणि 1994 मध्ये ती आयशर समूहाच्या ताब्यात गेली.

यानंतर बुलेटचा घाट तोच ठेवून आतील यंत्र पालटण्यास प्रारंभ झाला. इंजिन व गिअरपेटी एकाच कोठीत बसविलेली नवी रचना 2009 मध्ये 'क्लासिक' या नावाच्या गाडीत आली. तीत टॅपेट आपोआप जुळणारे होते आणि बटणाने गाडी सुरू करण्याची सोय होती. 2020 साली धुराचे नवे नियम लागू झाले, तेव्हा 350 च्या गाड्यांतील कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठ्याने घेतली. 2021 च्या क्लासिकमध्ये 349 घनसेंटिमीटरचे पूर्णतः नवे इंजिन बसले. हादरे शमविण्यासाठी त्यात समतोलदंड आहे आणि किक मात्र नाही. पुण्याजवळ चाकण येथे बजाज ऑटो बनवीत असलेली, 2023 मध्ये बाजारात आलेली ट्रायम्फ स्पीड 400 याच मार्गाची आहे: जुन्या वळणाच्या देहात पाण्याने थंड होणारे आधुनिक इंजिन.

5. निष्कर्ष

तात्पर्य, घाटावरून भरवशाचे अनुमान करता येत नाही. 1965 ची बुलेट आणि 2021 ची क्लासिक दिसावयास बहिणी असल्या तरी पहिली वारंवार थोडी बिघडून लवकर दुरुस्त होणारी आहे, तर दुसरी क्वचितच बिघडणारी, पण बिघडल्यास निदानासाठी बहुधा कंपनीच्या सेवाकेंद्राची वाट पाहावयास लावणारी आहे. रोज ठरल्या वेळी कामावर पोहोचणाऱ्या नोकरदारास दुसऱ्या प्रकारचा भरवसा अधिक सोयीचा, हे निःसंशय. मात्र 195 किलो वजनाची ही गाडी गर्दीच्या रस्त्यात तोलावी लागते, हा तिच्या भारदस्त घाटाचा भाग यंत्र बदलूनही सुटलेला नाही. खरोखरीची जुनी बुलेट रोज चालवू इच्छिणाऱ्याने आठवड्यातील काही वेळ तिच्यासाठी राखून ठेवावा आणि जाणता मिस्त्री जवळपास आहे की नाही, हे गाडी घेण्यापूर्वीच पाहावे. सेवाकेंद्रापासून दूर राहणाऱ्या तालुक्याच्या गावातील ग्राहकाने हाच प्रश्न नव्या गाडीविषयीही विचारला पाहिजे.

या परिवर्तनाची किंमत मुख्यतः त्या मिस्त्रीने मोजली आहे. घाट वारसा म्हणून जपला गेला आणि विकलाही गेला. परंतु त्या घाटाला भरवसा मिळवून देणारे हातांतील व कानांतील ज्ञान कोणत्याही कारखान्याच्या आराखड्यात नोंदलेले नाही. ते वापरणारी पिढी आता वयस्क झाली आहे. त्यांच्या कामाची परिभाषा संकलित करणे हे यंत्राच्या इतिहासाचे जितके काम आहे, तितकेच ते मराठी भाषेच्या अभ्यासकांचेही आहे.