नकाशातली मुलांची खोली

गोव्याहून बेळगावमार्गे कोल्हापूरच्या अंबाबाईला निघालो की वाटेत निपाणी लागते. आपल्याला हे गाव दोन गोष्टींसाठी ठाऊक, सीमाप्रश्न आणि तंबाखू. १९५६ साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेले हे मराठी गाव. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला तो इथेच. गोळीबार झाला, शेतकरी बळी पडले. तो इतिहास सांगितला जातो. पण तोच तंबाखू वखारीत कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायकाही त्याच सुमारास संघटित झाल्या, हे थोड्यांनाच माहीत. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला होता.

बाई दिवसभर वखारीत, मग तिचे तान्हे मूल कुठे? प्रश्न मायेचा वाटतो. कायद्याने मात्र तो बांधकामाच्या नकाशाशी जोडला होता.

१९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्यानुसार परवान्याशिवाय कुठल्याही जागेत या धंद्याचा कारखाना चालवता येत नसे. अर्जासोबत जागेचा नकाशा द्यावा लागे. परवाना देणाऱ्याने जागा योग्य आहे का आणि तिथल्या कामगारांचे हित काय, हेही पाहायचे होते. पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी उजेडाची, हवेशीर, स्वच्छ खोली बंधनकारक होती. पुढे ही संख्या तीसवर आली.

माझी नोकरी सरकारी टेबलापाशीच चालली आहे. नकाशावर चौकोन आखून आत ‘मुलांची खोली’ लिहायला किती वेळ लागतो ते मी जाणतो. ती खोली प्रत्यक्षात उभी राहणे ही वेगळी गोष्ट. पण बिडीच्या धंद्यात तो चौकोनही टाळायची सोय होती. पाने आणि तंबाखू ठेकेदारामार्फत घरोघर द्यायचा आणि वळलेल्या बिड्या मोजून घ्यायच्या. पद्धत जुनीच, कायद्यानंतर ती अधिकच सोयीची ठरली. रजेसारख्या काही तरतुदी घरी काम करणाऱ्यांनाही लागू होत्या, पण मुलांच्या खोलीचा हक्क कारखान्याच्या भिंतींपाशीच संपत होता.

केरळात हा कायदा लागू होताच मंगळूरच्या बिडी कारखानदाराने कण्णूर भागातले काम बंद केले आणि हजारो लोक बेकार झाले. त्यांनीच १९६९ साली ‘दिनेश बिडी’ ही सहकारी संस्था उभी केली. कायद्याला आव्हान मिळाले, पण १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. कायदा टिकला, आणि घरोघरचे बिडीकामही टिकले.

आपल्याच भाषेत या प्रश्नाला दुसरे उत्तर शोधले गेले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तिला ना नकाशा लागला ना परवाना. तेच ‘अंगणवाडी’ नाव १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेमुळे देशभर गेले. पण अंगणवाडी काही तासच चालते, आणि बिड्यांचा हिशेब तेवढ्यात पुरा होत नाही.

१९६६ चा कायदा आता इतिहासजमा झाला. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत पाळणाघरासाठी पन्नासहून अधिक कामगार मोजतात, फक्त बायका नव्हे. मूल एकट्या आईचे नसते, हे कायद्याला उशिरा का होईना कळले म्हणायचे!

घरात बसून बिड्या वळणारीचे मूल मात्र अजून कुठल्याच नकाशात नाही. ते तिच्या सुपाशेजारी, तंबाखूच्या धुळीत खेळते आहे. पुढच्या वेळी निपाणीवरून जाताना महामार्गाबरोबर त्या घरांचीही आठवण ठेवूया.