मलिदा आणि एलियाहू हन्नाबी : कोकणातल्या यहुद्यांची जेवणातली गाणी

'मलिदा' हा शब्द मराठीत हल्ली बदनाम झाला आहे. वर्तमानपत्रात तो बहुधा भ्रष्टाचाराच्या बातमीतच भेटतो. कुणी मलिदा खाल्ला, कुणाला मलिदा मिळाला, असे आपण सहज बोलतो. मूळ शब्द मात्र साधा आणि घरगुती आहे. फारसीत 'मालीदन' म्हणजे चोळणे, कुस्करणे. आपली 'मालिश'सुद्धा त्याच धातूतून आलेली आहे. पोळी कुस्करून त्यात तूप आणि गूळ किंवा साखर घातली की मलिदा तयार होतो. आपल्या भागातल्या दर्ग्यांवर फातिहासाठी तो कितीतरी पिढ्या होत आला आहे. याच नावाचा एक धार्मिक विधी महाराष्ट्रातले यहुदी लोकही करतात, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

हे यहुदी म्हणजे बेने इस्रायल, इस्रायलची लेकरे. त्यांची परंपरा अशी सांगते की, फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज रायगड जिल्ह्यातल्या गावोगावी पसरले. तेल गाळणे हा त्यांचा धंदा होता. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. दिवेकर, रोहेकर, पेणकर, किहिमकर ही त्यांची आडनावे, आणि मराठी ही त्यांची घरची भाषा.

धर्मग्रंथ हाताशी नाहीत, हिब्रू भाषा विसरलेली, अशा अवस्थेत या लोकांनी कितीतरी शतके काढली. टिकले ते थोडेच : शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, सण आणि 'शेमा' ही ईश्वराच्या एकत्वाची ग्वाही. जन्म असो, लग्न असो की मरण, प्रत्येक प्रसंगी ते तीच म्हणत. ग्रंथ नसला तरी तोंडपाठ असलेले आणि ताटाशी जोडलेले मागे उरते, असे या इतिहासावरून दिसते.

बेने इस्रायलांचा मलिदा पोळीचा नसतो, पोह्यांचा असतो. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर किंवा गूळ आणि वेलदोडा हे सगळे एका मोठ्या ताटात कालवतात. भोवती फळे मांडतात. लग्न, सुंता, नवे घर, फिटलेला नवस, लांबचा प्रवास अशा प्रसंगी आप्तेष्ट जमतात आणि 'एलियाहू हन्नाबी' हे हिब्रू स्तोत्र एका सुरात गातात. मग झाडाचे फळ वेगळे, जमिनीतून उगवणारे पीक वेगळे, अशा एकेका प्रकारच्या अन्नासाठी स्वतंत्र आशीर्वचन म्हटले जाते. त्यानंतरच प्रसाद वाटतात. गाणे झाल्याशिवाय त्या पोह्यांचा मलिदा होत नाही.

उर्दू शिकवणाऱ्याचे लक्ष या नावाकडे लगेच जाते. हिब्रूतला 'ह' म्हणजे अरबीतला 'अल'. तेव्हा 'हन्नाबी' म्हणजे आपल्या ओळखीचे 'अन्नबी'. एलियाहू म्हणजे हजरत इलियास (अ.स.). कुरआनात सूरह अल्-अनआम आणि सूरह अस्-साफ्फातमध्ये त्यांचा उल्लेख आहे. यहुदी श्रद्धेप्रमाणे ते अग्निरथातून सदेह आकाशात गेले, आणि शुभवर्तमान घेऊन ते पुन्हा येतील. जगात अनेक ठिकाणचे यहुदी हे स्तोत्र शनिवारी सायंकाळी, शब्बाथ संपताना गातात. बेने इस्रायलांनी ते आपल्या नवसाच्या ताटाजवळ आणून बसवले. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूंच्या रथाच्या चाकाची खूण आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. तिथे ते मलिदा घेऊन जातात. तू बिश्वात, म्हणजे झाडांचा नववर्षदिन, याला जुने लोक चक्क 'एलियाहू हन्नाबीचा उरूस' म्हणत!

उरूस हा एकच शब्द नव्हे. त्यांच्या धर्मकार्य पाहणाऱ्याला 'काजी' म्हणत, प्रार्थनामंदिराला 'मशीद' म्हणत, आणि एका उपवासाच्या महिन्याचे नाव 'रमजान' होते. त्यांचे सण मात्र अस्सल कोकणी नावांचे : खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण. हाईम सॅम्युएल किहिमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात ही नावे नोंदवून ठेवली आहेत. सणांची ओळख स्वयंपाकघरातूनच होत होती, हे त्यातून कळते.

एकोणिसाव्या शतकात कोचीनचे यहुदी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यामुळे हिब्रू विद्या परत आली, छापखानेही आले. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्रीचे पुस्तक, 'हग्गादा', हिब्रू आणि मराठीत सचित्र छापले गेले. वल्हांडणाच्या रात्री मिसरच्या गुलामीतून सुटका झाल्याची कथा जेवणाच्या चौरंगाभोवती बसून सांगतात. घरातले सर्वांत लहान मूल प्रश्न विचारते, मोठी माणसे उत्तरे देतात. ईश्वराचा एकेक उपकार मोजणारे गाणे होते, जबूरमधली स्तुतिस्तोत्रे होतात. शिक्षक म्हणून मला ही रचना फार मोलाची वाटते. मुलाला तीन-चार हजार वर्षांपूर्वीची गोष्ट पाठ करायला न सांगता ती त्याच्याकडून गाऊन घेतात, आणि गाता गाताच बिनखमिराची भाकरी व कडू भाजी त्याच्या जिभेवर ठेवतात. पुन्हा विसरायची सोय नाही.

१८८० च्या सुमारास बेंजामिन सॅमसन अष्टमकर यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने सुरू केली. नेवाशाच्या माणसाला याचे आश्चर्य वाटू नये. प्रवरेकाठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या या गावात कीर्तन कानावर पडतच माणूस मोठा होतो, आणि सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. दही, पोहे आणि लाह्यांचा तो काला सगळ्यांच्या हातावर पडतो. जवळच अहमदनगरला रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजने रचली. त्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याला शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. काला, मलिदा आणि फातिहाची शिरणी यांचा देव कुणी कसाही समजो, आधी नाम आणि मग घास, हा क्रम सगळीकडे सारखाच आहे.

१९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथे काही धर्मपंडितांनी त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली. लग्न लावताना वंशाची चौकशी होऊ लागली. ज्यांनी इतकी शतके शनिवार पाळला, त्यांच्याकडे पुरावा मागितला गेला! त्यांनी निदर्शने केली, धरणे धरले, आणि १९६४ साली त्यांना सर्वार्थाने पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली. त्यांनी मलिदा मात्र सोडला नाही. इस्रायलमध्येही आज लग्नाआधी पोहे भिजतात, नारळ खवला जातो आणि एलियाहूंचे स्तोत्र गातात.

वाचकहो, मलिदा शुद्ध आहे की नाही, हा वाद आपल्याकडेही चालतो. त्याच्या फिकही बाजूत मी इथे जात नाही. इतिहासाचे म्हणणे तेवढे लक्षात ठेवावे. शेजाऱ्याकडून शब्द घेतला, पदार्थ घेतला, कीर्तनाचा ढंग घेतला, तरी या छोट्या समाजाचा एकेश्वरवाद पातळ झाला नाही. उलट, घेतलेल्या त्या ताटातच त्यांनी तो सांभाळून ठेवला. कोकणात कधी गेलात तर अलिबागच्या इस्रायल आळीत जरूर जा. तिथले 'मागेन आबोत' हे प्रार्थनामंदिर पाहा आणि मुलांनाही दाखवा. 'मलिदा' या शब्दाचा खरा अर्थ त्यांना तिथेच सांगता येईल.