भरताची आग, नानकटाईची भट्टी

मंडळी, इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आठवतात, लढाया आठवतात. आज मी तुम्हाला चुलीपाशी नेणार आहे. आपण जिला 'आजीच्या हातची चव' म्हणतो, ती कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा करून पाहिलेली असते. आणि घरात कोणता पदार्थ होणार, हे बऱ्याचदा घरात कोणती आग आहे यावर ठरतं.

साक्री तालुक्यातलं पिंपळनेर हे खानदेशच्या पश्चिम टोकाचं, पांझरेकाठचं गाव. तिथून पूर्वेला जळगावपर्यंत कुठेही जा, थंडी पडली की भरताचा बेत ठरतोच. खरं भरीत कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं, असं जाणकार सांगतात. काड्या भसाभस पेटतात, वांगं बाहेरून करपतं आणि आतून लोण्यासारखं मऊ होतं. मग साल काढून लाकडी बडगीत ते ठेचायचं. वर हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी.

हे सगळं फार प्राचीन वाटतं, नाही का? वांगं आपल्याकडचं, जुनंच. पण मिरची आणि शेंगदाणा मूळचे अमेरिका खंडातले. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. कपाशी खानदेशात पूर्वीपासून होती, पण 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वेही खानदेशात पोचली. कपाशीचं रान वाढलं, तशा वेचणीनंतर उरणाऱ्या काड्याही वाढल्या. कापूस गेला मुंबईला आणि मँचेस्टरला, काड्या राहिल्या बांधावर. त्या जळणावर वांगं भाजणाऱ्या बाईचं नाव कोणत्याही दप्तरात नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण त्या मानामागे अशा किती अनामिक हातांची करून पाहण्याची हौस आहे!

आता दुसरी आग. आपली चूल खालून तापते. तिच्यावर भाकरी होते, मांडे होतात, पण बिस्किटाला चहूबाजूंनी ऊब लागते. तशी भट्टी घरात नव्हती, ती होती बेकरीत. नानकटाईचं माहेर सुरत मानतात. डच व्यापाऱ्यांच्या बेकरीचा वारसा तिथल्या पारशी कारागिरांकडे आला आणि त्यातून ती घडली, असं सांगितलं जातं. 'नान' म्हणजे फारसीत रोटी. 'खताई'च्या अर्थाबद्दल मात्र एकमत नाही. सुरत-बऱ्हाणपूर हा जुना व्यापारी मार्ग खानदेशातूनच जाई, तेव्हा सुरत आपल्याला कधीच परकी नव्हती.

गावोगावच्या बायकांनी या परक्या भट्टीवर नामी तोडगा काढला. दिवाळीच्या आधी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत मैदा, पिठीसाखर, तूप किंवा डालडा घेऊन बेकरी गाठायची. भाजणावळ द्यायची, नंबर लावायचा आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई घरी आणायची. जिन्नस घरचे, आग गावाची. रांगेत उभ्या उभ्या एकीने दुसरीला विचारायचं, 'काकू, तुम्ही रवा किती घातला?' पाककृती अशाच पसरल्या, पुस्तकाआधी तोंडातोंडी. पुढे कढईत वाळू किंवा मीठ तापवून घरच्या घरी नानकटाई करण्याची युक्ती निघाली. मग आला ओव्हन. आता घराघरात गॅस आहे, बिस्किटांचे पुडे कोपऱ्यावर मिळतात आणि ती रांग जवळजवळ मोडली आहे.

मला खंत वाटते ती त्या रांगेबरोबर गेलेल्या मापांची. 'अंदाजाने घाल' असं सांगणारी पिढी थकत चालली आहे. तिचा अंदाज वाटी-चमच्यात उतरवून ठेवला नाही, तर तो तिच्याबरोबरच जाईल. दुसरी गोष्ट नव्या सुनांविषयी. एखादीने ओव्हनमध्ये वांगं भाजलं, किंवा मैद्याऐवजी पश्चिमेकडच्या डोंगरात पिकणाऱ्या नागलीची बिस्किटं केली, तर 'आपल्याकडे असं करत नाहीत' म्हणून तिला गप्प करू नका. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगाने साजरं केलं. ती नागली आपल्या दारातली आहे.

आपल्याकडे असंच करत आले आहेत. नवं जिन्नस आलं, नवी आग आली, की करून पाहायचं, जमलं तर ठेवायचं. या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. ती सांगेल ते लिहा, आणि खाली तिचं नावही लिहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)